दांडीवरची दावी

"आपल्या ओळीचा इतिहास दोन पानांत लिहून द्या," असं ईश्वरप्पा येता-जाता मला सांगत होता. ईश्वरप्पाचं भांड्यांचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. लातूर जिल्हा होणार हे नक्की झालं तेव्हा आमच्या दोरओळीतल्या व्यापाऱ्यांनी स्वागत समिती केली आणि हा तिचा अध्यक्ष झाला. खरं म्हणजे त्यानंच समिती केली आणि त्यानंच स्वतःला अध्यक्ष केलं. बाकीच्यांना आपापला धंदा होता.

मी म्हणालो, "इतिहास कसला लिहायचा? गोलाईच्या चौकाकडून येणारा एक रस्ता. दावी, कासरे, घुंगरमाळा विकतात. झाला इतिहास."

"तसं नव्हं. निजामाच्या काळातलं लिहा की काही. मंत्री येणार हायत. मोठी पाटी करू."

"निजामाच्या काळात इथं लिंबाखाली मातंगांची माणसं बसायची. अंबाडीचे दोर वळायची आणि तिथंच विकायची. त्यांच्यावरून दोरओळ नाव पडलं. माझ्या वडिलांनी त्यांच्याकडूनच माल घेऊन दुकान घातलं. हे लिहू?"

ईश्वरप्पानं कान खाजवला. "ते ऱ्हाऊ द्या. पुरातन व्यापारी पेठ, वैभवशाली परंपरा, असलं काही येत नसंल का तुम्हाला?"

"न्हाई येत."

"गुरम्मावयनी असत्या तर बसल्या जागी सांगितलं असतं त्यांनी," असं म्हणून तो गेला.

गुरम्मा माझी बायको. चैत्रात गेली. लोक भेटायला यायचे तेव्हा 'सुटल्या' म्हणायचे. कशातून सुटली ते कोणी सांगितलं नाही. दुकानाच्या ओट्यावर बसून घुंगरं ओवणारी बाई, गिऱ्हाइकाशी बोलायची, सुनेशी बोलायची, माझ्याशी भांडायची. तिला कुठं सुटायचं होतं? पण भेटायला आलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. मी मान हलवायचो आणि सिंधुला, म्हणजे सुनेला, चहा टाकायला सांगायचो.

त्या वर्षी सगळ्या गावाला जिल्ह्यानं झपाटलं होतं. मृगानं पेरायला लावलं आणि पुढं पावसानं तोंड दाखवलं नाही. खेड्यांतून येणारी माणसं दुबार पेरणी वाया गेल्याचं सांगत होती. गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, त्यातही आधी बराच वेळ नुसती हवा यायची. त्याच नळापाशी घागरी घेऊन उभे राहिलेले लोक कलेक्टर कचेरी कुठे होणार यावर भांडत होते. जो तो म्हणायचा, आता उस्मानाबादच्या चकरा वाचल्या. मी एकाला विचारलं, तुम्ही आजवर किती चकरा मारल्या? तो म्हणाला, एकच, वडील वारले तेव्हा, फेरफारासाठी.

माझ्या घरातही तेच. मुलगा वीरण्णा दुकान बघतो. अंबाडीचे दोर कमी करून त्यानं नायलॉनचे आणले, ते चालतात, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण जिल्हा म्हटल्यावर त्याच्या डोक्यात अर्धं दुकान टायपिंगवाल्याला भाड्यानं द्यायचं आलं. "कचेऱ्या येणार, अप्पा. कचेऱ्या आल्या की अर्ज आले. बैलाचं काय खरं न्हाई आता, अर्जाला मरण न्हाई." टायपिंगवाला येऊन जागा बघून गेला. पोरगेलासा, इस्त्रीचे कपडे घातलेला. त्याला सगळं पसंत पडलं. एकच म्हणाला, ओट्यावरची ती दांडी काढा. गिऱ्हाईक आत येताना डोक्याला लागेल.

दांडी म्हणजे ओट्यावरच्या पत्र्याखाली आडवा टाकलेला लोखंडी पाइप. त्यावर जुनी दावी लटकलेली होती, एकाला एक लागून, एवढी दाट की मागचा दरवाजा नीट दिसायचा नाही. त्यातलं एकही आमच्या मालकीचं नव्हतं.

आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, बैलाला बांधायचं, मग विकणारा आपलं सोडून घेतो. दावं दिलं तर गोठ्यातली लक्ष्मी त्याच्यासंगं जाते म्हणतात. जाते की नाही मला माहीत नाही. पण दोरओळ त्या रीतीवरच जगली. बाजाराच्या दिवशी बैल घेणारे आमच्याकडून नवं दावं घेऊन जायचे, आणि विकणारे जुनं दावं खांद्यावर टाकून आमच्याच ओळीतून परत जायचे.

बाहत्तर साली सगळेच विकणारे झाले. चारा नाही, पाणी नाही, मिळेल त्या भावात माणसं जनावरं सोडत होती. एका बाजाराच्या दिवशी दुपारी भाद्याचा शेषेराव आमच्या ओट्यावर येऊन बसला. ओळखीचं गिऱ्हाईक. दोन्ही बैल विकून आला होता. दावी मांडीवर घेऊन बसला तो उठेचना. गुरम्मानं पाणी दिलं. ते प्याला आणि म्हणाला, "मोकळी दावी घिऊन गावात कसा शिरू, अव्वा? म्हातारी दारात बसलेली असंल."

ती म्हणाली, "मग हितं ठिवा. बैल घ्यायला याल तव्हा न्या."

तो गेल्यावर मी तिला म्हणालो, "आपण दावी विकतो. उद्या हा बैल घेणार, तव्हा नवं दावं आपल्याकडून घेणार. जुनं सांभाळून ठेवलंस तर नवं कशाला घेईल? धंदा करतीस का धर्मशाळा काढतीस?"

"दावं हितं हाय म्हंजे माणूस हितंच येणार. घुंगरमाळ काय ईश्वरप्पाच्या दुकानातून घेईल का मग? त्याच्याकडं पातेली हायत."

 पुढच्या बाजारी आणखी दोघं आले, त्याच्या पुढच्या बाजारी किती आले ते मी बघितलं नाही. तिला लिहिता येत नव्हतं. ज्याचं दावं त्याच्याच अंगावरच्या कपड्याची चिंधी ती त्याला बांधायची. कोणाच्या पटक्याची, कोणाच्या धोतराची, बाई असेल तर पदराची.

दोन वर्षांनी शेषेराव आला. त्यानं आपली दावी नेली आणि दोन घुंगरमाळा घेतल्या, भावही केला नाही. गुरम्मानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पैसे गल्ल्यात टाकले. तसे बरेच आले. पण सगळे आले नाहीत. कोणी पुण्याकडं कामाला गेला, कोणाच्या पोरांनी जमीन वाटून घेतली, कोणी मेला. त्यांची दावी राहिली ती राहिलीच. पावसाळ्यात वास यायचा, उन्हाळ्यात त्यात उंदरं फिरायची. मी दरवर्षी म्हणायचो, काढ आता. ती दरवर्षी म्हणायची, पोळा होऊ द्या.

आणि पोळा म्हणजे तर माझ्या डोक्याला ताप. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री त्या दोन दिवसांत. गोंडे द्या, म्होरकी दाखवा, झूल काढा, माणसांवर माणसं. तेवढ्यात ही बाई विभूतीचं ताट घेऊन ओट्यावर उभी राहणार, एकेका दाव्याला विभूतीचं बोट लावणार आणि मोठ्यानं नाव घेणार. औशाचा अमृतराव. मुरुडचा ग्यानोबा. हरंगुळची चतुराबाई. बैल जवळ नाही तर त्याचं दावं तरी पुजलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभं, आणि माझी बायको न आलेल्या माणसांची हजेरी घेतेय.

तर ती दांडी आता काढायची होती. ईश्वरप्पानंही तेच लावून धरलं. मिरवणूक आमच्या ओळीतून जाणार होती, दुकानांना चुना चालला होता. "आन हे काय टांगून ठेवलंय तुम्ही? फाशीघरावानी दिसायलंय. मंत्र्याला काय वाटंल?"

"मंत्री काय दावी मोजायला येणार हाय का?"

पण खरं सांगायचं तर मलाही ती दावी नकोशी झाली होती. गुरम्मा असताना त्यांच्यावर चिडता तरी येत होतं. आता सकाळी दुकान उघडलं की दावी समोर, आणि भांडायला कोणी नाही. मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं दोन-चार चाचपून बघितली आणि विचारलं, "कुणाची हायत?" मी खरं ते सांगितलं. तिथंच चुकलं. "दुसऱ्याच्या गोठ्याचं म्या न्हाई नेत, शेठ. लोखंड असंल तर बोला." जाळून टाकू म्हटलं, तर वीरण्णा म्हणाला, "दावं जाळत नसत्यात म्हणं, अप्पा." बैलाचं काही खरं नाही म्हणणारा हा. टायपिंगचं दुकान आणायला निघालेला. याला हे मात्र बरोबर ठाऊक.

मग मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ईश्वरप्पा घाईघाईनं आला. पोलिसांनी सांगितलं होतं की गर्दी रस्त्यात येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना दोर बांधा. समितीजवळ दोर नव्हता. ओळीतल्या प्रत्येक दुकानात हा जाऊन आला होता, आणि एका दिवसासाठी नवा माल द्यायला एकही तयार झाला नव्हता. एकदा बांधलेला दोर कोण विकत घेणार?

"हसू नका, माणिकप्पा. दोरओळीत दोर मिळंना, ही काय हसायची गोष्ट हाय का?"

"मी कुठं हसायलोय?"

त्यानं वर बघितलं. दांडीकडं. मला कळलं त्याच्या मनात काय आलं ते.

"एकाला एक गाठवली तर त्या टोकापस्तोर जातील," तो म्हणाला. "तुमची दांडी बी मोकळी होती, माझं काम बी होतंय. मिरवणूक झाली की मीच फेकून देतो. तुम्हाला बघायला बी नको."

सिंधु आत घुंगरं ओवत बसली होती. सासूनंच तिला शिकवलेलं. ती तिथूनच म्हणाली, "मामा, पोळा तीन दिसांवर आलाय. पोळा झाल्यावर द्या की."

"पोळ्याला काय करायचंय?"

"अव्वा पूजा करायच्या."

"ती करायची. आता कोण करणार?"

सिंधुनं पुढचं घुंगरू ओवलं. वीरण्णा काउंटरवरून माझ्याकडं बघत होता, ईश्वरप्पा वर दांडीकडं बघत होता. मला त्या सगळ्यांचा वैताग आला. म्हणालो, "न्या एकदाची. सगळी न्या."

समितीच्या पोरांनी दावी उतरवली, रस्त्यातच गाठवली आणि बांबूंना बांधून ओढून घेतली. ईश्वरप्पाला चिंध्या आवडल्या. "त्या ऱ्हाऊ द्या रे, पताकांवानी दिसत्यात." रिकाम्या दांडीखालून मी घरात गेलो. तेवढी जागा एकदम उजेडाची झाली होती. तो उजेडही मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गर्दी. नेमका जनावरांच्या बाजाराचा दिवस, त्यामुळं खेड्यातलीही माणसं होती. पुढं लेझीमवाल्या पोरी, मागं बँड, त्याच्या मागं उघडी जीप, तिच्यात मंत्री. रिक्षावर भोंगा लावून एकजण सारखा ओरडत होता की लातूरकरांच्या स्वप्नाची पूर्तता झाली. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. जायचं नाही म्हटलं तरी मिरवणूकच दारात आलेली.

लेझीम थोडी लांब असतानाच माझ्या समोर दोरापाशी काहीतरी गडबड दिसली. सगळे लोक रस्त्याकडं तोंड करून उभे होते. एक म्हातारी मात्र दोराकडं तोंड करून उभी होती. वाळलेली, काळी, खांद्यावर एक दावं टाकलेलं. ती वाकून समोरच्या दोराची गाठ सोडवत होती. नखांनी सुटेना म्हणून तिनं दात लावले.

पोलीस धावून आला. "ए म्हातारे, सोड दोर."

"माजं दावं हाय."

"तुझं कसलं? सरकारी हाय ते."

"सरकारला बैल कव्हापासून झाले?"

आजूबाजूची माणसं हसली. पोलिसाला ते आवडलं नाही. त्यानं तिचा हात धरला. तिनं दुसऱ्या हातानं दावं धरून ठेवलं होतं, ते काही सोडलं नाही. छातीवर बिल्ला लावलेला ईश्वरप्पा गर्दीतून वाट काढत आला.

"आजीबाई, एवढी मिरवणूक जाऊ द्या. मग तुमचं काय असंल ते बघू."

"अव्वाजवळ ठिवलेलं हितं रस्त्यात आलं. मिरवणूक गेल्यावर आनिक कुठं जाईल, कुणी सांगावं?" म्हातारीनं ओट्याकडं बघितलं, दांडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मालक, अव्वा कुठं हायत?"

चैत्रापासून मी किती जणांना सांगितलं असेल. गेली, हा एकच शब्द. भंगारवाल्यालाही सांगितला, टायपिंगवाल्यालाही सांगितला. पण हिच्या हातात ते दावं होतं, त्याला फिक्कट हिरवी चिंधी होती, आणि ते गुरम्माजवळ ठेवलेलं होतं.  गल्ल्याजवळचं दाभण घेतलं आणि खाली उतरलो.

"माणिकप्पा," ईश्वरप्पा म्हणाला, "काय करायलात तुम्ही?"

"गाठ सोडवायलोय."

"अहो, जीप आली."

"येऊ द्या."

पोरांनी गाठ ओढून दगडासारखी केली होती. दाभण घालून मी ती ढिली केली. पोलीस कधी माझा दंड धरत होता, कधी ईश्वरप्पाकडं बघत होता, कारण समितीचे अध्यक्ष सांगतील ते ऐकायचं असं त्याला सांगितलेलं असावं, आणि अध्यक्ष येणाऱ्या जीपकडं बघत होते. ती गाठ सुटली, मग दुसऱ्या टोकाची. दोन्हीकडचा दोर जमिनीवर पडला.

मग जे व्हायचं ते झालं. मागची माणसं पुढं रेटतच होती, ती सगळी रस्त्यावर आली. लेझीमवाल्या पोरी थांबल्या, बँड त्यांच्या अंगावर आला, जीप मध्येच उभी राहिली. भोंगेवाला 'मागे सरका' म्हणून ओरडायला लागला. मंत्र्यांना वाटलं, लोक आपल्याला भेटायला दोर तोडून आले. ते जीपमध्ये उभे राहिले, दोन्ही हात जोडले, एकाच्या हातातला हार स्वतः वाकून घेतला. चांगला वेळ जीप आमच्या दारातच होती. ईश्वरप्पा धक्के खात जीपपर्यंत पोचला आणि तिथं त्याचा फोटो निघाला.

मी म्हातारीला ओट्यावर बसवलं. सिंधुनं पाणी आणून दिलं. ती थांबून थांबून प्याली.

"कोणचं गाव?"

"हरंगुळ."

"चतुराबाई," मी म्हणालो. हे मी कसं म्हणालो ते मलाच कळलं नाही.

"हाव," ती म्हणाली. तिला त्यात नवल वाटलं नाही.

खांद्यावरच्या दाव्याकडं बोट करून मी विचारलं, "आन हे?"

"आज सोडलं. भात्तरला ढवळ्या इकला. एक राहिला हुता, त्याच्यावर दुसऱ्याच्या बैलासंगं सावड करून शेत केलं इतकी वर्सं. आज त्यो बी दिला."

"पोळ्याच्या तोंडावर?"

"पोळ्यापस्तोर त्याला काय खाऊ घालू? माती?" तिनं पेला खाली ठेवला. "अव्वाजवळ ठिवावं म्हनून आनलं. आल्या आल्या बघते तर ह्ये, पैलंच रस्त्यात."

"ती न्हाई," मी म्हणालो. "चैत्रात गेली."

 चतुराबाई सुटल्या म्हणाली नाही, चांगल्या होत्या म्हणाली नाही. दोन्ही दावी मांडीवर घेऊन बसली. रस्त्यावर गर्दी पांगत होती. तिनं विचारलं, "मग आता कुनाजवळ ठिवू?"

मला राग आला. तिचा नाही. त्या प्रश्नाचाच आला. दहा वर्षांपूर्वी एक जिल्हा होता आणि ह्या ओट्यावर मोकळी दावी घेऊन माणसं बसत होती. आता दुसरा जिल्हा झाला, बँड वाजला, आणि हीच बाई त्याच ओट्यावर आणखी एक दावं घेऊन बसली होती. आणि विचारत होती कुणाला, तर मला.

"हितं काय धर्मशाळा हाय का?" मी म्हणालो. "ठिवा. पर कायमचं न्हाई. बैल घ्या आन घेऊन जा. मी काय जन्मभर बसून ऱ्हाणार न्हाई हितं."

"अव्वा बी असंच म्हनायच्या."

"कोण? गुरम्मा?"

"दर पोळ्याला. गोंडा न्यायला यायची म्या, तव्हा. 'न्या गं बायांनो आपापली, आमच्या मालकाचं डोस्कं पिकलंय' म्हनायच्या." ती पहिल्यांदा थोडी हसली. "मग म्हनायच्या, 'आसू दे. पिकलेलंच हाय.'"

मागं सिंधु फुसकन हसली. मी वळून बघितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून आत जात होती.

आज आलेल्या दाव्याला चिंधी लागणार होती. चतुराबाईनं पदराचं टोक दातांत धरून फाडलं. ह्या खेपेला निळं होतं. ती चिंधी मी बांधली. गुरम्मा कशी बांधायची ते मी नीट कधी बघितलं नव्हतं, मी आपली माझ्या पद्धतीनं बांधली, बैलाच्या म्होरकीला गोंडा बांधतात तशी.

ती गेल्यावर मी वीरण्णाला म्हणालो, "रस्त्यात पडलेली सगळी दावी आत आण."

"अप्पा, टायपिंगवाला उद्या इसार द्यायला येणार हाय."

"येऊ दे. तू दावी आण."

त्यानं आणली. तुडवलेली, मातीनं भरलेली, एकाला एक अडकलेली. संध्याकाळी मी आणि सिंधु ओट्यावर गाठी सोडवत बसलो. दाभण एकच होतं, म्हणून ती केसातल्या आकड्यानं सोडवत होती. मी एक मोकळं करून बाजूला ठेवलं. "हे औशाच्या अमृतरावाचं." दुसरं मोकळं केलं. "हे मुरुडचं, ग्यानोबाचं. पिवळा पटका होता त्याचा."

"तुम्हाला कसं ठाऊक, मामा?"

"कसं म्हंजे? दहा वर्षं डोकं खाल्लंय माझं."

काहींच्या चिंध्या गर्दीत गेल्या होत्या. ती कोणाची ते मला सांगता येईना. गुरम्माला आलं असतं. तिनं पीळ बघून, वास घेऊन सांगितलं असतं. मी ती दावी उलटसुलट करून बघत राहिलो, मग तशीच वेगळी ठेवली.

ईश्वरप्पा आला तो भांडायलाच आला असं मला वाटलं. पण गळ्यात हार होता.

"मंत्री काय म्हणाले ठाऊक हाय का? म्हणाले, एवढी आपुलकी कुठल्याच रस्त्यानं दाखवली न्हाई. दोर तोडून लोक आले म्हणाले."

"तुटला न्हाई. सोडला."

"ते कुठं सांगत बसता आता." तो ओट्यावर टेकला. एक गाठ हातात घेऊन त्यानं ती ओढून बघितली. "पोरांनी लईच घट्ट मारल्यात." मग म्हणाला, "पाटीचं काय करायचं? इतिहास राहिलाच की."

"लिंबाखालचं लिहून देतो. पायजे तर लावा, न्हाई तर नका लावू."

 पाटी अजून लागलेली नाही.

दुसऱ्या दिवशी टायपिंगवाला आला. दांडी पुन्हा भरलेली बघून दारातच थांबला. वीरण्णा माझ्याकडं बघायला लागला. मीच सांगितलं, "जागा घ्यायची असंल तर घ्या. दांडी ऱ्हाणार. गिऱ्हाइकाला सांगा, वाकून या."

तो विचार करून सांगतो म्हणाला. आठ दिवसांनी त्यानं जागा घेतली. आता गिऱ्हाइकं वाकूनच आत येतात.

पोळ्याला त्या वर्षी गर्दी अशी झालीच नाही. ज्यांच्याकडं बैल होते ते आले, जुन्याच घुंगरमाळांना नवा दोरा ओवून घेऊन गेले. दुपारी सिंधुनं विभूतीचं ताट आणून माझ्यासमोर धरलं.

"मी कशाला?" मी म्हणालो. "तू लाव."

"मी लावते. नावं तुम्ही घ्या. मला कुठं सगळी ठाऊक हायत?"

काउंटरवर दोन माणसं गोंडे निवडत होती. मी उठलो. ती बोट लावत पुढं सरकायला लागली, मी तिच्या मागं. औशाचा अमृतराव. मुरुडचा ग्यानोबा.  चिंधी नसलेल्यांपाशी आलो तेव्हा सिंधु थांबली.

"हे कोणाचं?"

"हाय कोणाचं तरी. लाव."

तिनं लावलं. मग हरंगुळची चतुराबाई. मग आणखी एकदा हरंगुळची चतुराबाई.

शेजारच्या दुकानातून ईश्वरप्पा म्हणाला, "माणिकप्पा, गिऱ्हाईक ताटकळलंय तुमचं."

"थांबू दे," मी म्हणालो, आणि पुढच्या दाव्याचं नाव घेतलं.